पक्षी सर्वांचा, रान कोणाचे?

वसंत ऋतू लागला की अमेरिकेतील लक्षावधी शिकारी एका प्रश्नाचा विचार करू लागतात. रानटर्कीच्या शिकारीला जायचे ते पैसे मोजून एखाद्या वाटाड्याबरोबर, त्याने भाड्याने घेतलेल्या खासगी रानात, की साधा परवाना काढून स्वतःच्या हिमतीवर सरकारी जंगलात? वरवर पाहता हा प्रश्न खिशाचा आणि हौसेचा आहे. ज्याच्याजवळ पैसा आहे पण वेळ नाही, तो वाटाड्या गाठतो. ज्याच्याजवळ वेळ आहे पण पैसा नाही, तो सरकारी रानाची वाट धरतो. मी स्वतः शिकारी नाही. परंतु परवाने, शुल्क आणि सरकारी जमिनी यांच्या फायली हाताळणाऱ्या माणसाला हा प्रश्न निराळाच दिसतो. असे दोन पर्याय एखाद्या सामान्य कारकुनासमोर वा कारखान्यातील कामगारासमोर उभे राहावेत, हीच मुळात इतिहासातील दुर्मीळ गोष्ट होय. बहुतेक देशांत, बहुतेक काळ, शिकार ही राजाची आणि जमीनदाराची मिरास होती. अमेरिकेत ती सर्वांना खुली कशी राहिली आणि तशी राखण्यासाठी प्रशासनाला काय काय करावे लागले, हे या लेखात पाहू.

प्रथम पक्ष्याची ओळख करून घेऊ. टर्की हा मूळचा उत्तर अमेरिकेचा पक्षी. मेक्सिकोतील लोकांनी तो माणसाळवला आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. पोर्तुगीज भाषेत त्याला ‘पेरू’ म्हणतात. १६१२ मध्ये जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रब खान याने गोव्याहून जे अपूर्व पशुपक्षी आणले, त्यांत एक टर्कीही होता. त्याच्या मानेचे व डोक्याचे रंग कसे पालटतात, याचे बादशहाने आपल्या आत्मवृत्तात कौतुकाने वर्णन केले आहे, आणि दरबारी चित्रकार मन्सूर याने काढलेले त्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. गोव्याच्या बंदरातून आलेला तो पक्षी पाळीव जातीचा होता. अमेरिकेच्या रानातील त्याचा भाऊबंद मात्र अत्यंत सावध, तीक्ष्ण नजरेचा आणि रात्री उंच झाडावर वस्तीला जाणारा आहे. पहाटे नर झाडावरूनच साद घालतो आणि माद्या त्याच्याकडे जातात. शिकारी मादीचा आवाज काढून नराला आपल्याकडे बोलावू पाहतो, म्हणजे निसर्गक्रम उलटा फिरवू पाहतो. म्हणूनच ही शिकार अवघड, आणि म्हणूनच जाणत्या वाटाड्याला मोल.

आता इतिहासाकडे वळू. अमेरिकेत आलेले इंग्रज वसाहतवाले ज्या देशातून आले, तेथे १६७१ च्या कायद्यानुसार वर्षाला १०० पौंड उत्पन्न देणारी मालकीची जमीन असल्याखेरीज सामान्यतः शिकार करता येत नसे. पुढे १७२३ च्या ‘ब्लॅक ॲक्ट’ने तर तोंडाला काळे फासून वा वेषांतर करून राखीव रानात हरणे मारणाऱ्याला फाशीची तरतूद केली. या कायद्यांची चीड मनात असलेल्या लोकांनी नव्या भूमीत नेमका उलटा नियम केला. पेनसिल्व्हेनियाच्या १७७६ च्या राज्यघटनेने रहिवाशांना स्वतःच्या जमिनीवर, तसेच कुंपण नसलेल्या इतर सर्व जमिनींवर योग्य हंगामात शिकार करण्याची मोकळीक दिली. शिकार हा नागरिकत्वाचा एक भाग मानला गेला.

पण सर्वांना मोकळे म्हणजे कोणाचीच जबाबदारी नाही, हे लवकरच दिसून आले. जंगले तोडून शेते झाली, आणि बाजारात विकण्यासाठी पक्षी मारणाऱ्यांना कोणताही आडकाठी करणारा नव्हता. कनेक्टिकटमधून १८१३ च्या सुमारास आणि मॅसॅच्युसेट्समधून १८५१ मध्ये रानटर्की नाहीसा झाला. मूळच्या ३९ राज्यांपैकी १८ राज्यांत १९२० पर्यंत एकही रानटर्की उरला नव्हता. जो पक्षी वसाहतवाल्यांच्या पानात सहज पडत असे, तो दुर्गम दलदलीत आणि डोंगरकपारीत उरला. जेथे माणसाला पोहोचणे कठीण होते तेवढ्याच जागी तो वाचला, ही गोष्ट प्रशासनाला शोभादायक नव्हती.

येथून पुढे जे घडले त्यात मला तीन प्रशासकीय निर्णय महत्त्वाचे वाटतात. पहिला निर्णय मालकीविषयी. १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गीअर विरुद्ध कनेक्टिकट या खटल्यात असे ठरवले की रानातील पाखरू कोणा जमीनमालकाचे नसून राज्यातील सर्व जनतेचे आहे आणि राज्य हे त्याचे विश्वस्त आहे. खटला साधाच होता. कायदेशीर हंगामात मारलेले पक्षी राज्याबाहेर पाठवण्यासाठी एका माणसाने जवळ बाळगले, एवढाच गुन्हा. पण त्यातून निघालेले तत्त्व मोठे ठरले. पुढे १९७९ मध्ये ह्यूजेस विरुद्ध ओक्लाहोमा या खटल्यात न्यायालयाने राज्याच्या ‘मालकी’ची भाषा मागे घेतली, परंतु वन्यजीवांचे नियमन आणि रक्षण करण्याचा राज्याचा अधिकार कायम राहिला. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या पशुपक्ष्यांची आंतरराज्य वाहतूक हा केंद्रीय गुन्हा ठरवला आणि बाजारू शिकारीचे कंबरडे मोडले. जमीन तुमची असली तरी तिच्यावर चरणारा टर्की तुमचा नाही. परवाना, हंगाम आणि संख्या ही राज्यच ठरवणार, हा नियम आजही लागू आहे. खासगी रानातील श्रीमंत पाहुण्यालाही म्हणूनच तोच परवाना काढावा लागतो.

दुसरा निर्णय पैशाविषयी. परवान्याचे शुल्क जमा होई, पण अनेक राज्यांत ते रस्ते वा इतर कामांकडे वळवले जाई. आपल्याकडच्या वाचकांना यात काही नवल वाटणार नाही. सप्टेंबर १९३७ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी स्वाक्षरी केलेल्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने यावर उपाय केला. बंदुका व दारूगोळ्यावरील उत्पादनशुल्क वन्यजीवांसाठी राखून ठेवण्यात आले. आज लांब बंदुका व काडतुसांवर ११ टक्के आणि पिस्तुलांवर १० टक्के असा हा कर आहे. शिकारीसाठी आलेला निधी राज्यांना वाटताना निम्मा भाग क्षेत्रफळावर आणि निम्मा परवानाधारकांच्या संख्येवर ठरतो. ७५ टक्के रक्कम केंद्र देते, २५ टक्के राज्याने घालायची. पण या कायद्यातील खरी मेख निराळीच आहे. ज्या राज्याने शिकार परवान्यांचे शुल्क वन्यजीव खात्याबाहेर न वळवण्याचा कायदा केला असेल, त्यालाच हा पैसा मिळेल, अशी अट त्यात घातली आहे. केंद्राने राज्याला उपदेश केला नाही, आमिष दाखवले. राज्यांनी भराभर तसे कायदे केले. उपकर लावणे सोपे असते, त्याचा पैसा त्याच कामावर टिकवणे अवघड असते. हे कोडे त्या एका कलमाने सोडवले.

पैसा आला म्हणून काम झाले, असे मात्र नव्हे. टर्की वाढवायचे तर पिंजऱ्यात अंडी उबवून पिल्ले रानात सोडावी, ही कल्पना सर्वांना पटली. अनेक राज्यांनी वर्षानुवर्षे असे पक्षी सोडले आणि अहवालात सोडलेल्या पक्ष्यांचे आकडे छापले. रानात मात्र ते टिकेनात. मिसुरी राज्यात अभ्यास करणारे स्टार्कर लिओपोल्ड (पर्यावरणविचारक आल्डो लिओपोल्ड यांचे पुत्र) यांनी १९४४ मध्ये रानटी, संकरित आणि पाळीव टर्कींची तुलना करून दाखवले की रानटीपणा हा उपजत गुण आहे. पिंजऱ्यातील वंशात तो उरत नाही. मादीने धोक्याची सूचना देताच रानटी पिल्ले निमूट दबून बसतात. संकरित पिल्लांना हे साधत नाही. किती रोपे लावली हे मोजणाऱ्या आणि किती जगली हे न मोजणाऱ्या आपल्या वृक्षलागवड मोहिमांची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही.

उपाय सापडला तो जिवंत रानटी पक्षी पकडून दुसरीकडे सोडण्यात. पण या सावध पक्ष्याला पकडायचे कसे? १९५१ मध्ये दक्षिण कॅरोलिनातील फ्रान्सिस मॅरियन राष्ट्रीय वनात, बारुदाच्या जोराने क्षणात फेकले जाणारे मोठे जाळे प्रथमच टर्कीवर यशस्वी झाले. हे जाळे मूळचे पाणपक्ष्यांसाठी होते. मिसुरीने १९३७ मध्ये टर्कीची शिकार पूर्ण बंद केली होती. १९५४ ते १९७९ या काळात त्या राज्याने सुमारे २६०० रानटी पक्षी पकडून आपल्याच निरनिराळ्या जिल्ह्यांत सोडले. १९६० च्या वसंतात १४ जिल्ह्यांपुरता हंगाम उघडला, तेव्हा सगळ्या शिकाऱ्यांना मिळून ९४ पक्षी मिळाले. २३ वर्षे वाट पाहून ९४ पक्षी! पण ती वाट पाहण्याची शिस्त होती. हंगाम वसंतात, बहुतेक मीलन होऊन माद्या अंड्यांवर बसू लागण्याच्या सुमारास, आणि मुभा फक्त दाढीवाल्या पक्ष्यांची, म्हणजे मुख्यतः नरांची. एक नर अनेक माद्यांना पुरत असल्याने अशा शिकारीने कळपाची वाढ सहसा थांबत नाही. राज्याराज्यांनी आपसात पक्ष्यांची देवघेव केली, १९७३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रानटर्की महासंघाने त्यासाठी पैसा व माणसे उभी केली, आणि या शतकाच्या आरंभी देशातील रानटर्कींची संख्या ६० ते ७० लाखांच्या घरात गेली. आज अलास्का वगळता सर्व राज्यांत त्याची शिकार होते. अलीकडच्या वर्षांत अनेक राज्यांत संख्या पुन्हा घटू लागली आहे, हेही सांगितले पाहिजे. तेथे राज्ये हंगाम पुढे ढकलत आहेत आणि मर्यादा कमी करीत आहेत.

तिसरा निर्णय जमिनीविषयी, आणि आरंभीचा प्रश्न खरा येथेच उभा राहतो. पक्षी सर्वांचा असला तरी त्याच्यापर्यंत पोहोचायला पाय ठेवायला जमीन हवी. पश्चिमेकडील राज्यांत केंद्र सरकारची अफाट जमीन आहे. नेवाडाचा सुमारे ८० टक्के भूभाग केंद्राच्या मालकीचा आहे. उलट टेक्सासमध्ये केंद्राची जमीन दोन टक्क्यांहूनही कमी. पूर्वेकडे तर सरकारजवळ वने फारशी नव्हती. १९११ च्या वीक्स कायद्याने तेथे तोडून उजाड झालेल्या डोंगरजमिनी विकत घेण्याचा अधिकार केंद्राला मिळाला, आणि त्यांतून राष्ट्रीय वने उभी राहिली. आज राष्ट्रीय वनांचे एकूण क्षेत्र सुमारे १९ कोटी ३० लाख एकर आहे. त्याखेरीज राज्यांची स्वतःची वन्यजीव व्यवस्थापन क्षेत्रे आहेत.

म्हणून वाटाड्या की सरकारी रान, याचे उत्तर पुष्कळदा नकाशाच देतो. मिसुरीत सुमारे १५ लाख एकरांचे मार्क ट्वेन राष्ट्रीय वन आहे. तेथे कोणीही परवानाधारक जाऊ शकतो. टेक्सासच्या कुरणांत मात्र जमीनमालकाला पैसे दिल्याशिवाय बहुतेक ठिकाणी गत्यंतर नाही. फ्लोरिडा द्वीपकल्पातील ‘ओसिओला’ ही पोटजात जगात अन्यत्र कोठेही नाही. तिच्यासाठी देशभरातून शिकारी येतात आणि खासगी रानातील वाटाड्याला हजारो डॉलर मोजतात. तेथील अनेक सरकारी क्षेत्रांत प्रवेशसंख्या ठरलेली असते आणि परवाना सोडतीने मिळतो. सोडतीत कोट्यधीश आणि मजूर यांच्या चिठ्ठ्या एकाच पेटीत पडतात. मर्यादित गोष्ट वाटण्याचा याहून न्याय्य मार्ग मला तरी ठाऊक नाही.

दोन्ही मार्गांचे गुणदोष निःपक्षपातीपणे सांगायचे तर असे. वाटाड्या पक्ष्यांची वस्ती आठवडेभर आधी पाहून ठेवतो, आवाज काढण्यात तो तरबेज असतो, आणि त्याच्या रानात दुसरा शिकारी नसतो. ही शेवटची गोष्ट लहान नव्हे. टर्कीच्या शिकारीतील अपघातांत एका शिकाऱ्याने दुसऱ्याला पक्षी समजून गोळी घातल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. नराच्या डोक्याचे रंग लाल, पांढरे व निळे, म्हणून त्या रंगांचे कपडे घालू नयेत, असा दंडकच आहे. सरकारी रानात गर्दी अधिक, पक्षी अधिक बुजलेले आणि कष्ट अधिक. पण जो तेथे शिकतो तो रान वाचायला शिकतो. वाटाड्याबरोबर गेलेला पुष्कळदा केवळ नेम धरायला शिकतो. नवख्याने पहिल्या वर्षी वाटाड्या घ्यावा, पाहून शिकावे आणि मग सरकारी रानात उतरावे, हा मध्यममार्ग मला शहाणपणाचा वाटतो. राष्ट्रीय वनात धंदा करणाऱ्या वाटाड्यालाही वनसेवेचा विशेष परवाना लागतो. तो आहे की नाही हे विचारून घेणे ग्राहकाच्याच हिताचे आहे.

अमेरिकेत तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी एक माहिती. अशा व्यक्तींना बंदूक बाळगण्यास तेथील केंद्रीय कायद्याने सामान्यतः मनाई आहे. मात्र राज्याचा वैध शिकार परवाना असल्यास अपवाद आहे. म्हणजे जो परवाना इतरांना केवळ पक्षी मारण्याची मुभा देतो, तो परदेशी माणसाला शस्त्र हाती धरण्याचीही मुभा देतो. राज्यांचे नियम याहून वेगळे असू शकतात, तेव्हा आधी चौकशी करावी.

परप्रांतीयाचा प्रश्न तर तेथेही आहेच. बहुतेक राज्ये बाहेरच्या शिकाऱ्याकडून रहिवाशाच्या कितीतरी पट शुल्क घेतात. १९७८ मध्ये मॉन्टाना राज्याविरुद्धच्या बाल्डविन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एल्क सांबराच्या शिकारीपुरती ही तफावत वैध ठरवली. मनोरंजन म्हणून केलेली शिकार हा राष्ट्राच्या एकतेला आवश्यक असा हक्क नव्हे, असा त्यातील विचार आहे. वायोमिंगमध्ये तर बाहेरच्या माणसाला केंद्राच्या संरक्षित अरण्यात मोठ्या जनावरांची शिकार करायची असेल, तर वाटाड्या वा स्थानिक सोबती घेणे सक्तीचे आहे. जमीन सबंध देशाची, पण तिच्यावर पाऊल ठेवायला स्थानिक माणूस हवा! येथे निवडीचे रूपांतर सक्तीत झाले. टर्कीला हा नियम लागू नाही, पण धंद्याचा दबाव कोणत्या दिशेने जातो हे त्यातून कळते.

त्याहून बोलका आहे तो कोपऱ्याचा वाद. एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना बुद्धिबळाच्या पटासारख्या एकाआड एक चौकोनांत जमिनी दिल्या गेल्या. उरलेले चौकोन सरकारचे राहिले, पण दोन सरकारी चौकोन फक्त कोपऱ्याला टेकतात. २०२१ मध्ये वायोमिंगमध्ये मिसुरीहून आलेल्या काही शिकाऱ्यांनी खासगी जमिनीवर पाय न ठेवता, शिडी लावून तो कोपरा ओलांडला. जमीनमालकाने अवकाशातून अतिक्रमण झाल्याचा दावा लावला. मार्च २०२५ मध्ये दहाव्या विभागाच्या अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यासाठी आधार घेतला तो सार्वजनिक जमिनीची वाट अडवण्यास मनाई करणाऱ्या १८८५ च्या कायद्याचा. १४० वर्षांपूर्वीचे कलम कामी आले, कारण कोणीतरी ते जिवंत ठेवले होते.

आपल्याकडे काय झाले? इंग्रजी अमदानीत आणि स्वातंत्र्यानंतरही वनखाते शिकारीसाठी जंगलाचे गट ठराविक मुदतीसाठी परवान्याने देत असे. संस्थानांत शिकार राजाची. स्वातंत्र्यानंतर शिकार कंपन्या परदेशी पाहुण्यांना घेऊन येऊ लागल्या. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकार परवान्यांच्या तरतुदीही गेल्या. आपल्या देशाची लोकसंख्या आणि जंगलांची अवस्था पाहता तो निर्णय योग्यच होता, असे माझे मत आहे. पण वाटाड्या की सरकारी दार, हा प्रश्न बंदुकीबरोबर गेला नाही; तो कॅमेऱ्याबरोबर परत आला. ताडोबा, कान्हा वा रणथंबोरला जाणाऱ्या कुटुंबापुढे आज तोच आहे. महागड्या विश्रामगृहाची संपूर्ण व्यवस्था घ्यायची, की प्रवेशपत्र मिळवून साध्या गाडीने जायचे? २००६ च्या दुरुस्तीने व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठाने स्थापन करण्याची तरतूद झाली आणि प्रवेशशुल्काचा पैसा त्या त्या प्रकल्पाजवळ राहू लागला, हे पिटमन-रॉबर्टसनच्याच मार्गावरचे एक पाऊल होय. आता पाहायचे ते एवढेच की प्रवेशाच्या जागा सामान्य माणसाच्या हाती किती राहतात.

रानटर्कीच्या या इतिहासातून मी जे शिकलो ते थोडक्यात असे. पक्षी सर्वांचा, हे न्यायालय सांगू शकते. त्याच्यासाठी पैसा राखून ठेवणे विधिमंडळाला जमते. पण रान सर्वांना खुले ठेवणे हे रोजचे प्रशासन आहे. सोडत वेळेवर काढणे, वाट अडवणाऱ्या कुंपणावर नोटीस बजावणे, वाटाड्याचा परवाना तपासणे, आणि कोणत्या हंगामात किती माणसे आत सोडायची याचा आकडा अभ्यास करून ठरवणे, ही त्यातील रुक्ष कामे होत. ती बंद पडली तर कायदा तसाच राहील, पक्षीही कदाचित राहील, पण त्याला पाहण्याचा वा शोधण्याचा हक्क फक्त वाटाड्याचे पैसे देऊ शकणाऱ्यापुरता उरेल. सरकारी रानात पहाटे एकटाच बसलेला आणि बहुधा रिकाम्या हातानेच परतणारा तो शिकारी म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो. तो तेथे येऊ शकतो, यावरच त्या खात्याचे काम मोजावे.